कॉन्फ्लिक्ट न दाखवणारे मर्ज

पावसाळ्यात राधानगरी धरणाची पातळी 347.50 फुटांवर गेली की धरण भरले म्हणायचे. मग सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडू लागतात. तिथे संगणकाची गरज नाही. पण समजा, नदीकाठच्या गावांना इशारा पाठवणारा छोटा प्रोग्राम दोघे मिळून लिहीत आहेत. एकाने आपल्या ब्रँचमध्ये पातळी मीटरमध्ये घेतली आणि होत्या तेवढ्या अटी बदलल्या. दुसऱ्याने दुसऱ्याच फाइलमध्ये नवी अट घातली: पातळी 347.50 झाली की भोगावतीकाठी संदेश जावा. मर्ज केले, एकही कॉन्फ्लिक्ट नाही. संदेश मात्र कधीच जाणार नाही, कारण भरलेल्या धरणाची पातळी आता 105.92 आहे.

असे का होते? 1972 मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारे एससीसीएस लिहिले, तेव्हा फाइलला कुलूप असे. एक जण बदल करत असताना दुसऱ्याने थांबायचे. 1986 मध्ये डिक ग्रून यांच्या सीव्हीएसने ही अडवणूक संपवली. मग दोन प्रती आणि त्यांचा समान पूर्वज, अशी तीन मजकुरांची ओळीओळीने तुलना रुळली. एकाच बाजूने बदललेली ओळ मुकाट घ्यायची, दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली माणसापुढे ठेवायची. ओळीच्या अर्थाशी या नियमाला देणेघेणे नाही.

सीव्हीएसनंतर आलेल्या सबव्हर्जनमध्ये 2008 च्या 1.5 आवृत्तीपर्यंत कोणते बदल आधीच मर्ज झाले, याची नोंदही आपोआप राहत नसे. विसरले की तेच बदल पुन्हा येऊन आदळत.

2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे गिट आले. मर्जचे दोन्ही पालक इतिहासात नोंदले जाऊ लागले आणि पूर्वज शोधणे सोपे झाले. पण याच नोंदीने नवे कोडे घातले. सदोष मर्ज रिव्हर्ट केले, ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली, तर फक्त दुरुस्ती आली. जुने काम गायब! रिव्हर्टने मजकूर मागे जातो, मर्ज झाल्याची नोंद तशीच राहते. गिटच्या लेखी ते कमिट आधीच आलेले असतात. टोरवाल्ड्स यांनी सांगितलेला उपाय विचित्र वाटतो, पण बरोबर आहे: आधी तो रिव्हर्टच रिव्हर्ट करायचा.

2021 च्या गिट 2.34 पासून एलायजा न्यूरन यांची ‘ऑर्ट’ ही मर्जची डिफॉल्ट पद्धत आहे. नाव बदललेल्या फाइली ती पूर्वीपेक्षा चांगल्या आणि कितीतरी वेगाने हाताळते. फूट आणि मीटर यांतला फरक तिलाही कळत नाही. म्हणून मर्ज बिनबोभाट झाले तरी टेस्ट चालवा, आणि निकाल अनपेक्षित दिसला तर आधी ‘गिट मर्ज-बेस’ने समान पूर्वज कोणता धरला गेला ते पाहा.