शेवटच्या क्षणाचा वेग

श्रोते हो, विहिरीत खडा टाकून कान देण्याची खोड लहानपणी कुणाला नव्हती? त्याच खड्यापासून आज कलनातील 'सीमा' ही कल्पना समजून घेऊ.

विहीर कोरडी, तळ कातळाचा. काठावरून धोंडा नुसता हातातून सोडला आणि बरोबर दोन सेकंदांनी तो तळाशी आपटला. हवेचा विरोध जमेस धरू नका. आपटताना त्याचा वेग किती होता?

पडणाऱ्या वस्तूचा हिशेब सोपा आहे. जितके सेकंद झाले त्यांचा वर्ग करा व त्याला ४.९ ने गुणा. तितके मीटर ती खाली आली. दोन सेकंदांत १९.६ मीटर. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ९.८ मीटर. पण धोंडा आरंभी सावकाश पडतो, शेवटी जोरात. ही सरासरी आपल्या कामाची नाही.

म्हणून शेवटचा तुकडाच घेऊ. शेवटच्या एका सेकंदातील सरासरी १४.७ येते. शेवटच्या अर्ध्या सेकंदातील १७.१५, दशांश सेकंदातील १९.११, शतांश सेकंदातील १९.५५१. आकडे कुठे चालले आहेत, ते दिसतेच आहे.

मग सरळ शेवटचा क्षणच का घेऊ नये? कारण क्षणाला लांबी नाही. शून्य अंतर भागिले शून्य वेळ! कुणी म्हणेल उत्तर एक, कुणी म्हणेल शून्य. पण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. तेव्हा इथे कोणतेही उत्तर चालेल, म्हणजेच उत्तर नाही. क्षणाच्या वेगाचा हा विचार आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची 'तात्कालिक गती' आली आहे.

आता शेवटच्या तुकड्याला क्ष सेकंद म्हणू. त्यात कापलेले अंतर ४.९ (४क्ष − क्ष²). त्याला क्ष ने भागले की सरासरी वेग उरतो ४.९ (४ − क्ष). क्ष शून्याकडे नेला की वेग १९.६ कडे जातो.

इथे वर्गातला एखादा मुलगा उठून म्हणतो, "गुरुजी, आधी क्ष शून्य नाही म्हणून भागलंत, मग तोच शून्य केलात. ही लबाडी नव्हे का?" त्याच्यावर रागावू नका. आयर्लंडातील धर्मगुरू बर्कली यांनी १७३४ साली नेमका हाच आक्षेप घेतला होता, आणि त्या काळच्या गणितज्ञांना त्याचे नीट उत्तर देता आले नव्हते. १८२१ साली फ्रेंच गणिती कोशी यांनी सीमेला कलनाचा पाया केले. पुढे वायरश्ट्रास यांनी तिची व्याख्या काटेकोर केली.

उत्तर असे, की आपण क्ष शून्य करीतच नाही. उत्तर १९.६ पासून शतांशाच्या आत हवे? क्ष ०.००२ पेक्षा लहान घ्या. सहस्रांशाच्या आत हवे? ०.०००२ पेक्षा लहान घ्या. मागणारा कितीही चिकट असो, त्याला पुरे पडेल असा क्ष दाखवता येतो. म्हणून १९.६ ही सीमा.

आता दोन सेकंदांपलीकडून मागे या. धोंडा उसळला नाही असे धरले, तर तो स्वस्थ पडला आहे. तिकडची प्रत्येक सरासरी शून्य. अलीकडून १९.६, पलीकडून शून्य. दोन्ही वाटा एका गावी जात नाहीत, तेव्हा दोन सेकंदांपाशी डावी सीमा आहे, उजवी आहे, पण एक अशी सीमा नाही.

शिक्षकबंधूंनो, 'वरचा-खालचा समान अवयव काढा आणि किंमत घाला' ही रीत मुले दोन दिवसांत शिकतात. पण रीत सांगण्याआधी वहीत ते चार आकडे त्यांच्याकडूनच काढून घ्या. १९.६ त्यांना स्वतःला दिसू द्या. मग भागाकार करताना तो लबाडीचा प्रश्न कुणी विचारलाच, तर धडा समजू लागला, असे खुशाल समजा.