धडधड थांबली नाही तरी चालेल

मागच्या सत्रातल्या ओरलचा दिवस. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बसली होती. मांडीवर जर्नल, मुठीत रुमालाचा बोळा. मी शेजारी जाऊन बसले तशी म्हणाली, "मॅडम, सकाळी ॲप लावून दहा मिनिटं ध्यान केलं, तरी धडधड थांबतच नाहीये. मला हे जमतच नाही." ओरलची भीती होतीच, त्यात आता ध्यानातही नापास झाल्याची भर पडली होती.

सजगतेची, म्हणजे माइंडफुलनेसची सत्रं हल्ली कॉलेजाकॉलेजांतून होतात. व्हायलाच हवीत. पण त्यांच्याबरोबर काही चुकीच्या समजुतीही मुलांच्या डोक्यात बसतात आणि मग मुलं स्वतःलाच बोल लावत राहतात. ते बघवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

"सजगता म्हणजे शांत होणं"

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हाच. मूळ पाली शब्द आहे 'सति', म्हणजे स्मृती, भान. आपण एखाद्याला 'भानावर ये' म्हणतो, तेव्हा तो शांत व्हावा एवढंच आपल्याला हवं नसतं. आपण कुठे आहोत, काय चाललं आहे, हे त्याच्या ध्यानात यावं असं म्हणायचं असतं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेच्या पद्धतीचं काम सुरू केलं. त्यांच्याकडे येणाऱ्यांत औषधोपचारांनी न हटणाऱ्या दुखण्यांचे रुग्ण होते. दुखणं नाहीसं करण्याची हमी तिथे नव्हतीच. दुखण्यासकट दिवस कसा काढायचा, ते शिकायचं होतं.

त्या मुलीला मी म्हटलं, "धडधड राहू दे. कुठे जाणवते आहे ते सांग." ती थांबली. "गळ्यात." पायांखालची फरशी कशी लागते आहे? "गार." आणि मनात काय आहे? बराच वेळ गेला. मग म्हणाली, "भीती वाटतेय. आणि थोडी लाजही, सबमिशन उशिरा केलं म्हणून." ती लाज तिलाही तोवर दिसली नव्हती. भावनेला नाव देणं ही छोटी गोष्ट नाही. लॉस एंजेलिसमधले मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर हे पाहिलं. चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला, की धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डाला या भागातली हालचाल मंदावत होती.

"मनात एकही विचार येता कामा नये"

डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे मुभा मिळाल्यावर तर याच मुलांच्या मनात, पहिल्यापासून मुभा असलेल्यांपेक्षा अस्वल जास्त वेळा आलं. मन भटकणारच. ते भटकलं आहे हे ज्या क्षणी कळतं, तो क्षण म्हणजेच सराव. वीस वेळा भटकलं आणि वीस वेळा कळलं, तर त्या दिवशीचा सराव चांगला झाला.

"भावनांवर ताबा म्हणजे भावना दाबणं"

या समजुतीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ती घरातूनच येते. राग गिळायचा, आवंढा गिळायचा, मन मारायचं. आपल्या भाषेत गिळण्या-मारण्याचे इतके वाक्प्रचार आहेत, आणि जो हे सगळं निमूट करतो त्याला आपण समंजस म्हणतो. हॉस्टेलवर आलेला मुलगा नापास झाल्याचं घरी कळवत नाही, मित्रांत हसत राहतो, तेव्हा सगळ्यांना वाटतं, किती खंबीर आहे!

स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस यांनी नव्वदच्या दशकात याचाच कस लावला. प्रयोगात लोकांना शस्त्रक्रियेसारखी किळसवाणी दृश्यं दाखवली आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहरे कोरे राहिले, पण किळस तेवढीच होती आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. भावना लपवण्यात गुंतलेल्यांना समोर पाहिलेलं-ऐकलेलं कमी आठवत होतं. ओरलला समोर बसलेल्या मुलाचं हेच होतं. सगळी ताकद चेहरा सरळ ठेवण्यात जाते आणि प्रश्न अर्धाच कानावर पडतो. मग आम्ही शिक्षक म्हणतो, अभ्यास केलेला दिसत नाही.

ग्रॉस यांच्या मते दाबण्यापेक्षा उपयोगी वाट म्हणजे प्रसंगाचा आपण लावलेला अर्थ बदलणं. 'एक्स्टर्नल मला पाडायलाच बसलेत' हा एक अर्थ झाला. 'त्यांना संध्याकाळपर्यंत साठ जणांची ओरल संपवायची आहे' हाही अर्थ आहे, आणि तो बहुधा जास्त खरा आहे. मराठी वाचकांना ही वाट नवी नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे कळकळीने पोचवली, तिचा गाभा हाच होता. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्याला ठाऊक असतं. पण मन नेमकं काय चिंततं आहे हे आधी दिसलं, तरच ते तपासता येतं. सजगता लागते ती इथे.

"ध्यानाने मेंदूच बदलतो, सगळ्यांनाच फायदा होतो"

आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते, हा दावा विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दोनशेहून अधिक लोकांवर तपासला. तसा बदल दिसला नाही. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. चिंता आणि नैराश्याच्या लक्षणांत थोडा ते मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. झोप आणि एकाग्रता यांबद्दल पुरेसा पुरावा नव्हता.

विद्यार्थ्यांपुरतं बोलायचं तर केंब्रिज विद्यापीठातली चाचणी महत्त्वाची. ६१६ विद्यार्थी, त्यातल्या साधारण निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग. परीक्षेच्या काळात, वर्गाला न बसलेल्यांपैकी ५७ टक्क्यांचा मानसिक त्रास मदतीची गरज दाखवणाऱ्या पातळीच्या वर होता. वर्गाला बसलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. फरक मोठा आहे. पण ही मुलं स्वतःहून आली होती आणि शिकणं परीक्षेच्या बरंच आधी झालं होतं. ओरलच्या सकाळची दहा मिनिटं ही त्याची बरोबरी करू शकत नाहीत. याउलट ब्रिटनमध्येच ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांच्या चाचणीत साधारण निम्म्यांना शाळेत सरसकट सजगता शिकवली, तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्तीचा फायदा झाला नाही, हे २०२२ मध्ये जाहीर झालं. सक्तीने हॉलमध्ये कोंबलेल्या दोनशे मुलांना डोळे मिटायला सांगून फार काही साधणार नाही, असं मलाही वाटतं.

आणि अपाय होऊच शकत नाही, असंही नाही. २०२० च्या एका आढाव्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना चिंता, उदासी असे त्रास झाल्याचं आढळलं. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या विपश्यना केंद्रांच्या दहा दिवसांच्या शिबिरांच्या नियमावलीतही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर योग्य नाही, असं स्पष्ट म्हटलेलं असतं. डोळे मिटल्यावर कुणाला जुनी भयानक आठवण गाठत असेल, तर त्याने डोळे उघडावेत, उठून चालावं, कुणाशी तरी बोलावं.

"मुलांनी मन घट्ट केलं की झालं"

निकाल महिनोन्‌महिने रखडला, फी भरायला बापाने कर्ज काढलं, हॉस्टेलच्या एका खोलीत सहा जण राहतात. यावर श्वास मोजणं हे उत्तर नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. ज्याची झोप उडाली आहे, जगणं नको वाटतं आहे, त्याला ध्यान शिकवत बसू नये. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावं. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

आमच्याकडे समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस येतात. त्यांची खोली प्राचार्यांच्या केबिनच्या अगदी समोर आहे. आत जाणारा मुलगा शिपायापासून पालकांपर्यंत सगळ्यांना दिसतो, म्हणून कुणी जात नाही. ती खोली ग्रंथालयामागे हलवावी, असा अर्ज मी दोनदा दिला आहे. तिसरा या सोमवारी देणार आहे, आणि या वेळी खाली मुलांच्या सह्याही असतील. पहिली सही त्या ओरलवाल्या मुलीने केली आहे.