स्पायडरमॅनचा उत्तररंग

ज्या व्यासपीठावरून राज्यघटना, शेतीचे अर्थकारण आणि संतवाङ्मय यांवर बोलले जाते, तेथे कोळ्यासारखे जाळे टाकून इमारतींवरून झोके घेणाऱ्या एका अमेरिकन पोराची गोष्ट आम्ही घेऊन आलो, याचे काहींना नवल वाटेल. ते स्वाभाविक आहे. परंतु हा विषय दिसतो तितका पोरकट नाही. एखादी कथा लोकांना मनापासून आवडते, तिचा पुढचा भाग येणार म्हणून लोक तीन वर्षे वाट पाहतात, करणारी माणसे तीच, त्यांच्या हाती साधने पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक. आणि तरी शेवटी पदरी निराशा येते, असे का होते? हा प्रश्न चित्रपटापुरता नाही. नाटकमंडळ्यांना, कादंबरीकारांना आणि आमच्यासारख्या व्याख्यात्यांनाही तो कधी ना कधी चुकत नाही. आज आम्ही एकच उदाहरण घेणार आहोत : सॅम रायमी यांचा २००७ सालचा ‘स्पायडरमॅन ३’.

ज्यांना या सृष्टीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेत चित्रकथांच्या स्वस्त मासिकांतून १९३८ साली सुपरमॅन जन्माला आला आणि त्याच्यामागून अतिमानुष शक्तीच्या नायकांची, म्हणजे सुपरहिरोंची, रांगच लागली. सुपरमॅन परग्रहावरून आलेला, आपल्या पृथ्वीवर अजिंक्य. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी जो स्पायडरमॅन निर्माण केला तो याहून निराळा. पीटर पार्कर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, काका-काकूंनी वाढवलेला पोरका, चष्मेवाला, बुजरा विद्यार्थी. कोळी चावल्याचे निमित्त होऊन त्याच्या अंगी विलक्षण बळ येते. तो पहिले काम करतो ते लोककल्याणाचे नव्हे, पैसे मिळवण्याचे. २००२ च्या पहिल्या चित्रपटात तो कुस्तीच्या सामन्यात उतरतो, आयोजक ठरलेली रक्कम देत नाही, आणि थोड्याच वेळात त्या आयोजकाला लुटून चोर पळू लागतो तेव्हा हा बाजूला होऊन त्याला वाट देतो. बाहेर पीटरला न्यायला आलेले बेन काका गाडीत बसलेले असतात. त्यांना गोळी लागते.

या कथेचा सारा पाया या एका क्षणात आहे. हा नायक पराक्रमातून घडलेला नाही, अपराधातून घडलेला आहे. शत्रूशी त्याची झुंज ही त्या अपराधाची फेड होय. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढे काय बिघडले ते कळायला सोपे जाते.

दुसरा भाग २००४ साली आला. या प्रकारात त्याच्या तोडीचे चित्रपट थोडेच असतील. त्यात पीटर पिझ्झा पोचवायला उशीर करतो म्हणून नोकरीवरून निघतो, घरभाडे थकते, अभ्यास मागे पडतो, मेरी जेनच्या नाटकाला वेळेवर पोहोचू शकत नाही. अखेर तो आपला पोशाख कचऱ्याच्या पिंपात टाकून देतो. खलनायक एकच आहे, पाठीला चार यांत्रिक बाहू जडलेला शास्त्रज्ञ, आणि आल्फ्रेड मोलिना यांनी तो इतका माणुसकीने रंगवला आहे की त्याच्या अधःपाताचे वाईट वाटते. पण आमच्या स्मरणात राहिले ते दोन साधे प्रसंग. एकात पीटर मे काकूंना सांगतो, त्या रात्री चोराला मीच जाऊ दिले. म्हातारी हात काढून घेते आणि काही न बोलता जिना चढून वर जाते. दुसऱ्यात, बेफाम सुटलेली आगगाडी अंगाच्या बळावर थांबवून तो बेशुद्ध पडतो; डब्यातले उतारू त्याला हातोहात आत घेतात, मुखवटा नसलेला चेहरा पाहतात, आणि हा तर पोरगाच आहे हे त्यांना उमगते. त्या वेळी शेजारची चार मुले आम्ही बरोबर नेली होती. घरी येताना सगळी गप्प होती. मुलांचे गप्प होणे ही दाद असते, हे शिक्षकाला सांगायला नको.

तेव्हा २००७ ची अपेक्षा कशातून आली होती? एक तर या पुण्याईतून. परंतु तिच्यात आणखी एक अपेक्षा मिसळलेली होती, आणि या दोन्हींची गल्लत झाली असे आम्हांस वाटते.

पहिली अपेक्षा कथेनेच जागवलेली असते. दुसऱ्या भागाच्या शेवटी मेरी जेन लग्नाच्या वेदीवरून पळून पीटरकडे येते. पण तो पुन्हा संकटाच्या हाकेला धावून जातो तेव्हा खिडकीत उभ्या असलेल्या तिच्या चेहऱ्यावर काळजी असते. आपल्या बापाचा जीव स्पायडरमॅनने घेतला असे समजणारा जिवलग मित्र हॅरी, तो स्पायडरमॅन म्हणजे पीटरच हे जाणून चुकला आहे. या दोन गोष्टींचे पुढे काय होते? एवढेच प्रेक्षकाला हवे होते. दुसरी अपेक्षा यादीची असते : या वेळी खलनायक किती, शहर किती मोडणार, अमुक पात्र येणार की नाही. पहिली अपेक्षा कथेतून उगवते, दुसरी बाहेरून येते आणि फार मोठ्याने बोलते.

या मोठ्या आवाजाचे नाव होते व्हेनम. काळ्या, चिकट परग्रही द्रव्याने वेढलेला हा खलनायक १९८८ साली चित्रकथेत आला आणि तरुण वाचकांत अतोनात गाजला. रायमी यांचा जन्म १९५९ चा. त्यांचे प्रेम जुन्या अंकांवर, १९६३ साली अवतरलेल्या सँडमॅनसारख्या पात्रांवर. व्हेनमविषयी त्यांना आस्था नव्हती. निर्माते अवि अराड यांनी चाहत्यांचा आग्रह त्यांच्यापुढे ठेवला आणि व्हेनम कथेत आला. म्हणजे आता सँडमॅन, व्हेनम आणि सूड घ्यायला टपलेला हॅरी असे तीन प्रतिपक्ष झाले. पटकथाकारांपैकी आल्विन सार्जंट यांना हा पसारा इतका वाढलेला दिसला की त्याचे दोन चित्रपट करावे असे त्यांच्या मनात आले होते. परंतु मध्येच थांबावे असा उत्कर्षबिंदू सापडेना, म्हणून तो विचार सोडावा लागला. १३९ मिनिटांत सारे बसवायचे ठरले.

आपल्याकडे कीर्तनात पूर्वरंगी एखादे तत्त्व मांडतात आणि उत्तररंगी त्या तत्त्वाला धरून आख्यान लावतात. चांगला कीर्तनकार आख्यान एकच घेतो. श्रोत्यांतील कोणी ‘बुवा, ध्रुव घ्या’ म्हणाला, कोणी ‘प्रल्हाद’ म्हणाला, म्हणून दोन्ही घेऊन वर हरिश्चंद्र जोडला तर टाळ-मृदंगाला उसंत मिळणार नाही आणि ध्रुवही जागेवर बसणार नाही. ‘स्पायडरमॅन ३’ मध्ये नेमके हेच झाले आहे.

खरे म्हणजे आरंभ उत्तम आहे. जो पोरगा दोन चित्रपट उपेक्षा सोसत आला, त्याला आता सारे शहर डोक्यावर घेते आहे आणि ते त्याच्या डोक्यात जाते आहे. मेरी जेनच्या गाण्यावर वर्तमानपत्रांत टीका येते. ती दुःख सांगू लागली की हा स्वतःच्या अनुभवाचे पाल्हाळ लावतो. पुढे जाहीर सत्कारात, सर्वांच्या देखत, तो ग्वेन स्टेसीला उलटे लोंबकळून चुंबन देऊ देतो. पहिल्या चित्रपटात पावसात मेरी जेनने दिलेले ते चुंबन या दोघांच्या प्रीतीची खूण होती. ती खूण त्याने टाळ्यांसाठी चव्हाट्यावर आणली. आणि मेरी जेन गर्दीत उभी राहून ते पाहते. मत्सर, अहंकार, न कळत केलेला विश्वासघात, सगळे या अर्ध्या मिनिटात आहे.

आता गंमत पाहा. हे घडते तेव्हा त्या काळ्या द्रव्याने पीटरला अजून स्पर्शही केलेला नाही! उल्केबरोबर आलेले ते द्रव्य त्याच्या मागावर आहे, पण पोशाख व्हायचा आहे. म्हणजे पतन माणसाचे आतूनच सुरू झाले होते. मग चित्रपट त्याला काळा पोशाख चढवतो आणि पुढच्या साऱ्या दुर्वर्तनाचे खापर त्या पोशाखावर फुटते. देवळाच्या घंटेच्या नादाने पोशाख गळून पडला की पापही गळून पडल्यासारखे होते. जो नायक ‘दोष माझा’ या तीन अक्षरांवर... नव्हे, या दोन शब्दांवर उभा होता, त्याला दोष ठेवायला एक वस्तू मिळाली.

पीटर कपाळावर केस ओढून भर रस्त्यात मुरडत चालतो आणि पुढे गाण्याच्या क्लबात नाचतो, त्या प्रसंगाची लोकांनी फार टवाळी केली. आम्ही त्या टवाळीत सामील नाही. बुजऱ्या, पुस्तकी मुलाला आपण फार बिघडलो आहोत असे वाटले तर तो असाच हास्यास्पद वागेल. यात रायमींची विनोदबुद्धी जागी आहे. आणि तो नाच मेरी जेनला बसलेल्या फटक्याने संपतो, तेव्हा हसू ओठांवरच थिजते. दोष तेथे नाही.

दोष आहे तो मार्कोच्या बाबतीत. फ्लिंट मार्को हा तुरुंगातून पळालेला, आजारी मुलीसाठी चोऱ्या करणारा बाप. एका प्रयोगाच्या खड्ड्यात पडून त्याची वाळू होते. ती वाळू कण-कण गोळा होऊन माणूस म्हणून उभी राहू पाहते, मुलीची तसबीर असलेले लॉकेट उचलायला जाते आणि बोटे ढासळतात. या प्रसंगात एक शब्द नाही. संगणकाने घडवलेल्या चित्रांत इतकी करुणा आम्ही क्वचितच पाहिली आहे. एवढ्या एका माणसावर सगळा चित्रपट उभा राहिला असता. पण पीटरशी त्याचे वैर जोडायचे कसे? तर सांगितले गेले की बेन काकांना गोळी घातली ती त्या चोराने नव्हे, या मार्कोने. पहिल्या भागाचा पायाच उकरला गेला. पीटरने ज्याला वाट दिली तो खुनी नव्हता असे ठरल्यावर मे काकू जिना चढून गेल्या तो प्रसंगही हलका होतो. शेवटी मार्को सांगतो की गोळी दचकून सुटली, आणि पीटर त्याला क्षमा करतो. क्षमेचा तो क्षण सुंदर आहे हे कबूल केले पाहिजे. पण त्यापूर्वी बराच वेळ मार्को कथेतून बेपत्ताच असतो, आणि परततो तो व्हेनमशी एका गल्लीत दोन वाक्यांत युती करून.

व्हेनम स्वतः अखेरच्या टप्प्यातच येतो. हॅरीची गत याहून वाईट. त्याचा सूड आधी स्मृतिभ्रंशाने पुढे ढकलला जातो, आणि मग इतकी वर्षे गप्प असलेला नोकर ऐन वेळी सांगतो की मालकांची जखम त्यांच्याच यंत्राच्या पात्याने झाली होती. हे त्याने आधी सांगितले असते तर दोन चित्रपटांचे वैर वाचले असते, असे आमच्याबरोबरचा एक नववीतला मुलगा म्हणाला. या खेपेस मुले गप्प नव्हती; कोणता खलनायक अधिक बलवान यावर वाद घालीत चालली होती.

कोणी म्हणेल, चित्रपट फसला कसा? त्याने तर तिघांत सर्वांत अधिक पैसा मिळवला. खरे आहे. सुमारे २५ कोटी ८० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १५ कोटी ११ लाख डॉलरांचा तेव्हाचा विक्रम केला आणि जगभरात सुमारे ८९ कोटी मिळवले. आपल्या देशात तो इंग्रजीखेरीज हिंदी, तामिळ, तेलुगू आणि चक्क भोजपुरीतही बोलला. पण तिकीट चित्रपट पाहण्याआधी काढले जाते. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला तिसऱ्या भागाने मिळवलेला नव्हता, दुसऱ्याने मिळवून ठेवलेला होता. पुढच्याच आठवड्याच्या अखेरीस तो ५ कोटी ८२ लाखांवर आला. मोठ्या चित्रपटांची घसरण होतच असते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. परंतु खुद्द अमेरिकेतील एकूण उत्पन्न पाहिले तर पहिल्याचे ४० कोटींवर, दुसऱ्याचे ३७ कोटींवर आणि तिसऱ्याचे साडेतेहतीस कोटींच्या आसपास, अशी उतरती पायरी दिसते.

रायमी यांनी २०१४ साली एका मुलाखतीत स्वतःच्या या चित्रपटाविषयी इतक्या कठोरपणे मत दिले की टीकाकारांना फारसे काही उरले नाही. सर्व पात्रांवर आपला विश्वास नव्हता आणि प्रेक्षकांपासून ते लपून राहत नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या भागावर कडी करायची या विचारानेच घात झाला. पात्रे आणि त्यांचे परस्परसंबंध एक पाऊल पुढे नेले असते तर पुरे होते, हीही कबुली त्यांनी दिली. व्हेनमच्या आग्रहाचा दोष अराड यांनीही पुढे स्वतःकडे घेतला. आम्हांला या कबुलीजबाबांत एक नाव राहिल्यासारखे वाटते, ते प्रेक्षकांचे. व्हेनम हवा म्हणून ज्यांनी गजर केला आणि तो आल्यावर ज्यांनी नाक मुरडले, ते पुष्कळ अंशी एकच लोक होते.

चौथ्या भागाची तयारी सुरू झाली होती. प्रदर्शनासाठी मे २०११ ची तारीखही ठरली होती. पटकथेचे खर्डे एकामागून एक झाले, पण रायमींचे समाधान होईना, आणि ठरल्या तारखेला मनाजोगता चित्रपट होणार नाही हे त्यांना दिसू लागले. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी तो करण्यास नकार दिला. २०१२ साली स्पायडरमॅन नव्या दिग्दर्शकाकडून, नव्या नटासह, पुन्हा कोळी चावण्यापासून सुरू झाला.