रेबीजच्या गदारोळात राहून गेलेली गाठ

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांबद्दलचा आधीचा आदेश बदलला, तेव्हापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दोन तट पडलेत. पकडा, सोडा, लस, नसबंदी, सगळ्यावर बोलून झाले. याच कुत्र्यांत एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा कर्करोग आहे, हे मात्र कोणी बोलत नाही.

या गाठीला पशुवैद्य ‘सीटीव्हीटी’ म्हणतात. तिच्यामागे विषाणू नाही. समागमात, चाटण्या-हुंगण्यात गाठीच्या जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात रुजतात. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ च्या सुमारास तुकडा रुजवून हे दाखवलेही होते. पण खरी कमाल २०१९ ची. केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटाने ४३ देशांतल्या ५४६ गाठींची जनुके तपासली. सगळ्या गाठी निघाल्या एकाच कुत्र्याच्या, तोही चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात जगलेला! मंडईमागच्या कुत्र्याच्या अंगावरची गाठ त्याची स्वतःची नसतेच. त्या प्राचीन कुत्र्याच्या पेशी तिथे अजून वाढत असतात.

गाठ बहुधा जननेंद्रियावर येते, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, सहज रक्ताळणारी. कधी नाकात, तोंडात, क्वचित थेट कातडीवर. रक्ताचे थेंब दिसले की ‘माजावर आलीय’ म्हणून सोडून देतात. नाकातून रक्त आले तर गोचीडतापाचे औषध सुरू होते. सुईने थोड्या पेशी काढून काचपट्टीवर पाहिल्या तर निदान बहुतेक वेळा तिथेच होते. तेवढेही न करता कापायला घेणे मला पटत नाही. कापलेली गाठ अनेकदा परत येते.

बरे, औषध जुने आणि स्वस्त आहे. व्हिन्क्रिस्टीन, मूळ आपल्या अंगणातल्या सदाफुलीतले. (काढा करू नका, झाड विषारी आहे.) आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कर्करोगात असे सुख विरळाच. मात्र औषध शिरेबाहेर सांडले तर मांस जळते. त्यामुळे कुत्रा नीट धरणारा माणूस आणि हातमोजे हवेतच.

घोडे अडते ते इथे. नसबंदीला आणलेला कुत्रा थोड्या दिवसांत आपल्या गल्लीत परततो, उपचार मात्र महिनाभराचे. दोन इंजेक्शनांनी गाठ आटते, रक्त थांबते, आणि तिसऱ्या आठवड्यात कुत्रा सापडत नाही. नसबंदीने समागम घटतो, गाठीचा प्रसारही. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात मोकाट कुत्र्यांना आळा बसला आणि हा रोग तिथून जवळपास नाहीसा झाला. पण आज अंगावर गाठ घेऊन फिरणाऱ्या कुत्र्याला त्याचा काय उपयोग?

महापालिकांनी नसबंदीच्या करारातच या इंजेक्शनांची आणि तेवढे दिवस पिंजऱ्याची तरतूद करावी. आणि रोज बिस्किटे घालणाऱ्यांनो, कुत्रा तुमच्याच हाकेला येतो. पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी त्याला दवाखान्यात तुम्हीच न्या.