विश्लेषण : सोयाबीनचा ओलावा, वजन आणि ‘लुआ’… यंत्राला नवे गणित कसे शिकवतात?

सोयाबीनची काढणी सुरू झाली की लातूर-नांदेडच्या मोंढ्यात भावाइतकीच चर्चा ओलाव्याची होते. मॉइश्चर मीटरवर आकडा उमटतो आणि त्यावरून माल घ्यायचा की नाही, वजनात किती घट धरायची, हे ठरते. हा आकडा आणि अंतिम वजन यांच्यामध्ये एक छोटे गणित असते. काटा, मीटर, पाणीपातळी मोजणारे यंत्र अशा उपकरणांत हे गणित बसवण्याची एक सोपी आणि स्वस्त पद्धत जगभर वापरली जाते. ती म्हणजे यंत्राच्या आत छोटी स्क्रिप्ट भाषा ठेवायची आणि तिला आपल्या गरजेचे सूत्र शिकवायचे. हे काम कसे होते आणि त्यात चूक झाली तर कोणाचे नुकसान होते?

ओलाव्याचे गणित नेमके काय?

समजा, १०० किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओलावा आहे. म्हणजे १५ किलो पाणी आणि ८५ किलो कोरडा माल. हाच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला, तर वजन किती भरेल? कोरडा माल ८५ किलोच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या ८८ टक्के असतो. म्हणून ८५ ला ८८ ने भागून १०० ने गुणायचे. उत्तर ९६.५९ किलो. ‘तीन टक्के जास्त, म्हणून तीन किलो कापा’ असा तोंडी हिशेब केला तर ९७ किलो येते. फरक थोडा आहे, पण दोन्ही उत्तरे एक नाहीत. म्हणून यंत्रात कोणते सूत्र घातले आहे, हे माहीत असणे गरजेचे.

स्क्रिप्ट भाषा यंत्राच्या आत कशाला?

यंत्राच्या चिपमधला मूळ कार्यक्रम बहुधा ‘सी’ भाषेत लिहिलेला असतो. तो वेगवान असतो, पण बदलायचा तर यंत्र उघडा, नवा कार्यक्रम भरा, पुन्हा तपासा, असा व्याप होतो. त्यावर उपाय म्हणजे मूळ कार्यक्रमाच्या पोटात एक छोटा दुभाषा, म्हणजेच इंटरप्रिटर, बसवणे. हा दुभाषा साध्या मजकुराच्या फाइलमधल्या सूचना वाचून अमलात आणतो. नियम बदलला की फक्त ती फाइल बदलायची.

नियम बदलतात, याचे उदाहरण ताजे आहे. हमीभावाने सोयाबीन खरेदी करताना ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. २०२४-२५ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. मर्यादा मूळ कार्यक्रमात कोरून ठेवलेली असेल, तर प्रत्येक यंत्र दुरुस्तीला न्यावे लागते. स्क्रिप्टमध्ये असेल, तर एका आकड्याचा बदल पुरतो.

‘लुआ’ भाषा कुठली?

अशा कामासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या भाषांपैकी एक म्हणजे लुआ. १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात ती जन्मली. रॉबर्टो येरुझालिम्स्की, लुईझ हेन्रिके दि फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिचे कर्ते. पोर्तुगीज भाषेत ‘लुआ’ म्हणजे चंद्र. संगणकावरच्या खेळांपासून छायाचित्रे सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत ती अनेक ठिकाणी आत बसवलेली आहे. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ‘ईएसपी ८२६६’ या वायफाय चिपवर ‘नोडएमसीयू’ नावाने ती चालते.

लुआ मुद्दाम लहान ठेवलेली आहे. तिच्या गणिताच्या पेटीत वर्गमूळ आहे, साइन-कोसाइन आहेत, खालचा आणि वरचा पूर्णांक काढण्याची सोय आहे. पण आकडा जवळच्या पूर्णांकात बसवण्याचे साधे ‘राउंड’ फंक्शनही तयार मिळत नाही. ओलाव्याचे सूत्र तर दूरच. ते आपणच घालायचे असते.

नवे फंक्शन कसे घालतात?

काम चार पायऱ्यांचे आहे. पहिली, ‘सी’ भाषेत एक छोटे फंक्शन लिहायचे. लुआ आणि ‘सी’ यांच्यामध्ये एक सामाईक ढीग असतो, त्याला स्टॅक म्हणतात. स्क्रिप्टने दिलेले आकडे त्यावर ठेवलेले असतात. दुसरी, फंक्शनने ते उचलताना तपासायचे, की आलेली गोष्ट खरोखर आकडा आहे का? तिसरी, हिशेब करून उत्तर पुन्हा ढिगावर ठेवायचे आणि किती उत्तरे ठेवली ते सांगायचे. चौथी, या फंक्शनला नाव देऊन ते लुआकडे नोंदवायचे. त्यानंतर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ते वर्गमूळाइतक्याच सहज वापरता येते. वजन, ओलावा आणि आधारभूत टक्केवारी असे तीन आकडे द्यायचे, सुधारित वजन परत मिळते.

गणित चुकते कुठे?

पहिला सापळा पूर्णांकाचा. ‘ईएसपी ८२६६’ मध्ये दशांश गणितासाठी वेगळे सर्किट नाही. त्यामुळे तिच्यासाठी लुआची पूर्णांकच वापरणारी आवृत्तीही निघाली. या आवृत्तीत ८५ भागिले ८८ याचे उत्तर शून्य येते. सूत्रात भागाकार आधी लिहिला, तर शेतकऱ्याचे सगळे वजन शून्य. ही चूक निदान लगेच दिसते. गुणाकार आधी केला, तर ९६.५९ ऐवजी ९६ किलो येते आणि ते कोणाला खटकत नाही. क्विंटलमागे ०.५९ किलो गेले. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने हे जवळपास २९ रुपये होतात. २० क्विंटलला सुमारे ५७८ रुपये.

यावर किलोऐवजी ग्रॅममध्ये हिशेब करावा, असे सुचते. तिथे दुसरा सापळा आहे. ३२ बिटच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढी. ओलावा १४.६ टक्के असा दशांशात धरायचा तर सूत्रात ८५४ आणि ८८० हे आकडे येतात. ३० क्विंटलची ट्रॉली म्हणजे ३० लाख ग्रॅम. त्याला ८५४ ने गुणले की २५६ कोटी २० लाख होतात. मर्यादा ओलांडली की आकडा उलटून उणे होतो. चाचणीला दोन कट्टे वजन केले, तेव्हा सगळे बरोबर दिसले, पहिली भरलेली ट्रॉली आली आणि हिशेब कोसळला, असे यातून घडू शकते. म्हणून हे सूत्र ‘सी’ मध्येच, दशांश आकड्यांत लिहिणे शहाणपणाचे. योग्य उत्तर २,९११.३६ किलो आहे.

तिसरा सापळा ‘आकडाच नाही’ या उत्तराचा. सेन्सर बिघडून शून्य भागिले शून्य असा प्रकार झाला, तर दशांश वापरणारी लुआ एक विशेष किंमत देते. तिची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘नाही’ येते. ‘ओलावा १२ पेक्षा जास्त असेल तर माल परत’ असा नियम लिहिला, तर बिघडलेल्या मीटरवर प्रत्येक माल पास होतो. तोच नियम ‘ओलावा १२ किंवा कमी असेल तरच घ्या’ असा लिहिला, तर बिघाड लगेच उघडा पडतो.

नांदेडच्या पाण्याला हे कसे लागू?

धरणातील पाणीसाठा पातळीवरून काढतात, पण पातळी आणि साठा सरळ प्रमाणात नसतात. जलाशय वर रुंद होत जातो. त्यासाठी पातळी-साठ्याचा तक्ता असतो. नांदेडच्या विष्णुपुरी प्रकल्पासारख्या जलाशयासाठी यंत्र बनवायचे, तर दोन नोंदींमधली किंमत काढणारे फंक्शन हवे. समजा, तक्त्यात २ मीटरला १० दशलक्ष घनमीटर आणि ३ मीटरला १६ आहेत, तर अडीच मीटरला १३. इथेही नियम तोच. पातळी तक्त्याबाहेर गेली, तर फंक्शनने अंदाज न बांधता चूक कळवली पाहिजे. पुराच्या वेळी पातळी नेमकी तिथेच जाते.

कोडमध्ये काय, स्क्रिप्टमध्ये काय?

जे वर्षानुवर्षे बदलत नाही ते ‘सी’ मध्ये. कोरड्या मालाचे सूत्र, दोन नोंदींमधला हिशेब, आकड्यांची तपासणी. जे सरकारच्या आदेशाने किंवा हंगामानुसार बदलते ते स्क्रिप्टमध्ये. १२ की १५, कोणता तक्ता, पावतीवर किती दशांश. शिवाय स्क्रिप्टला फाइल पुसणे किंवा यंत्रणेच्या इतर भागांना हात लावणे, अशा सोयी मुळात देऊच नयेत. लुआमध्ये त्या वेगळ्या पेट्यांत असतात आणि न उघडता ठेवता येतात.

मग भरवसा कशाचा?

काट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का असतो. पण वजनानंतरचे गणित स्क्रिप्टमध्ये असेल, तर ती फाइल बदलणारा माणूस काट्याला हात न लावता वजन बदलू शकतो. ज्या सोयीमुळे नियम एका मिनिटात बदलता येतो, तीच इथे धोक्याची ठरते. उपाय अवघड नाही. पावतीवर मूळ वजन, ओलावा, आधारभूत टक्केवारी, सुधारित वजन आणि स्क्रिप्टचा आवृत्ती क्रमांक छापायचा. मग कोणालाही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ताळा करता येतो. १०० मधून ओलावा वजा करा, ८८ ने भागा, मूळ वजनाने गुणा.

नांदेडची श्री गुरुगोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था किंवा लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, इथल्या विद्यार्थ्याला एका सत्रात करता येईल एवढेच हे काम आहे. मात्र त्याची चाचणी दोन कट्ट्यांवर न थांबवता भरलेल्या ट्रॉलीवर आणि मीटरची वायर काढूनही घ्यायला हवी.