सरासरीआडची बालके

महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के झाले. परंतु राज्याची सरासरी हे पूर्ण चित्र नव्हे. याच पाहणीत नंदुरबार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. जिल्ह्याच्या सरासरीआड तालुका दडतो आणि तालुक्याच्या सरासरीआड पाडा.

पाड्यावरील बालकाचे वजन दरमहा नोंदले जावयाचे ते अंगणवाडीत. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने सेविकेच्या हाती वजनकाटा दिला. आता मोबाइलही आला. साधने बदलली, प्रश्न मात्र तोच राहिला: खरा आकडा लिहिणाऱ्या सेविकेच्या वाट्याला मदत येते की 'कारणे दाखवा' नोटीस? नोटिशीचे भय असेल तर कुपोषण कागदावर घटते, घरात नाही. राज्यातील कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत उतरतच नाहीत, हे डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालात दाखवून दिले होते.

उपाय खर्चिक नाही. गावाचे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत, स्वतंत्र पाहणीशी ताडून पाहिले जावेत आणि कमी वजनाची नोंद हा सेविकेचा दोष न मानता आहाराची व उपचाराची मागणी मानली जावी. मोजणे म्हणजे पोसणे नव्हे, हे खरे. पण ज्याची नोंदच नाही, त्याचे पान वाढणार कोण?