आत्याची कैफियत

गेल्या हिवाळ्यात लंडनला आमच्याकडे राहावयास आलेल्या सत्तरीच्या आत्याची कंबर धरली, तेव्हा तिला ऑस्टिओपॅथीच्या एका दवाखान्यात नेऊन तिचे बोलणे इंग्रजीत उतरविण्याची कामगिरी माझ्याकडे आली. तपासणाऱ्या बाईंनी तिच्या अंगाला हात लावण्यापूर्वी अर्धा तास केवळ हकीकत ऐकली. वाकताना उसण भरते, उठताना चमक निघते, रात्री ठणका लागतो आणि थोडे चालले की उजवा पाय भरून येतो, असे आत्याने सांगितले. आणि या सगळ्यासाठी माझ्या जिभेवर इंग्रजीतला एकच शब्द आला. आत्याचे बोलणे एवढे लांब आणि माझे एवढे आखूड कसे, असे बाईंनी विचारले, आणि मग एकेक शब्द पुन्हा घेऊन, आत्याला हाताने जागा दाखवावयास लावून, प्रत्येकाचा तपशील निराळा टिपला. कारण हालचालीसरशी येऊन ओसरणारी चमक बहुधा सांध्यास्नायूंची असते, परंतु पडून राहिल्यानेही न शमणारा ठणका आणि चालताना जड होणारा पाय यांचा शोध वेगळा घ्यावा लागतो. निर्गुडीच्या पाल्याने शेकल्याचे सांगताना आत्या ओशाळली होती. बाईंनी त्या पाल्याचे नाव दोनदा विचारून कागदावर नोंदविले.

अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन वैद्याने १८७४ साली ऑस्टिओपॅथीची ही विद्या जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिची पाठशाळा काढली. बहुतेक व्याधींचे मूळ अस्थिरचनेच्या बिघाडात शोधणारा त्याचा सिद्धांत मला मान्य नाही. परंतु बोटांनी शरीर वाचण्याची जी शिस्त त्याने शिष्यांना लावली, तिचे मोल मी त्या दिवशी पाहिले.

आत्या नऊवारी नेसते, आणि कासोटा पाठीमागे खोचला जातो तो नेमका दुखऱ्या जागेवर. बाईंचा हात तेथवर येऊन थांबला. हे वस्त्र सैल करणे चालेल का, की वरूनच चाचपू, असे त्यांनी विचारले, आणि उत्तर येईपर्यंत हात मागे घेतला. आत्याने मला पडद्याबाहेर पाठवून कासोटा आपणच सोडला.

उपचाराचीही आधी फोड झाली: सांध्याला झटका देऊन आवाज काढण्याची एक रीत असते, तिने दोन दिवस अंग दुखू शकते, या वयात हाडांचा विचार करावा लागतो, आणि तिच्यावाचूनही चालते. आत्याने झटका नाकारला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली माँटगोमेरी खटल्यात, उपचारातील महत्त्वाचे धोके आणि पर्याय रुग्णास सांगणे हे वैद्याचे कर्तव्य ठरविले. त्या निवाड्याचा अर्थ मला येथे, एका वृद्धेच्या स्पष्ट नकारात, दिसला. मऊ हाताने स्नायू सैल करून झाल्यावर व्यायाम आला, कारण ब्रिटनमधील २०१६ ची मार्गदर्शिका कंबरदुखीत हस्तोपचारास मुभा देते ती व्यायामाची जोड असेल तरच. देवपूजेला जमिनीवर बसू नका, असे बाई म्हणाल्या नाहीत. पाट किती उंच, उठताना भार कोणत्या हातावर पडतो, हे त्यांनी करून दाखवावयास सांगितले, पाट उंच करविला, आणि रोज रामरक्षा म्हणून होईपर्यंत घरातल्या घरात चालावे, असे ठरले.

परंतु मधला एक प्रसंग मी अद्याप सांगितलेला नाही, आणि त्याचा सल मला आजही आहे. हकीकत चालू असताना बाईंनी विचारले होते, की लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का, बैठकीची जागा बधिर होते का; कारण मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला गेला तर ही लक्षणे दिसतात आणि तेव्हा तातडीने रुग्णालय गाठावे लागते. आत्याला हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. “बाकी काही त्रास नाही ना, आत्या?” एवढेच मी म्हणालो, ती “नाही रे” म्हणाली, आणि तो नकार मी इंग्रजीत देऊन टाकला.

बाईंनी आमच्या दोघांच्या मुद्रा पाहिल्या. लेखणी खाली ठेवून त्यांनी मला सौम्यपणे बाहेर बसावयास सांगितले आणि दूरध्वनीवर मराठी दुभाषी बाईंना बोलावून घेतले. दार पुरते लागण्यापूर्वी त्या यंत्रातून आलेला “नमस्कार, आजी” मला ऐकू आला, आणि त्यावर आत्याचा मोकळा झालेला आवाज:

“तुमचं गाव कोणतं हो, बाई?”